खारा, खारी आणि खार

कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतली खारा बिस्किटं मी वीसेक वर्षं खाते आहे आणि तितकीच वर्षं एका गैरसमजात होते. गेल्या श्रावणात पाव आणायला गेले असताना काउंटरमागच्या अण्णांना सहज म्हटलं, "अण्णा, खाऱ्यात हल्ली मीठ कमी पडतंय."

सुट्टे मोजता मोजता त्यांनी मान वर केली. "मीठ बरोबर आहे मॅडम. मिरची कमी केलीय. पोरं खात नाहीत."

"पण खारा म्हणजे..."

"खारा म्हणजे तिखट. कन्नडमध्ये. तुमचा खारा वेगळा."

मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना ब्रेड हवा होता, म्हणून संभाषण तिथेच थांबलं. पण घरी येईपर्यंत मी त्या एका शब्दातच अडकले होते. बंगळुरात न्याहारीला 'खारा भात' मागितला की तिखट मसालेदार सांजा समोर येतो, आणि शेजारी गोड 'केसरी भात'. हे मी तिथे खाल्लेलं आहे. तरीही बिस्किटाचा खारा मी आपल्या खाऱ्या दाण्यांच्या, खाऱ्या बुंदीच्या रांगेत बसवून टाकला होता. खारी तर आपली चहाबरोबरची, पदर सुटणारी. हा तिचा भाऊ असणार, असं धरून चालले होते. निघाला दूरचा पाहुणा.

या पाहुण्याचं गाव ठाऊक आहे. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून आलेल्या एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ मध्ये बंगळुरात बेकरी काढली, आणि तिथून अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा धरली जाते. वैष्णव ब्राह्मणांची बेकरी म्हणजे अंडं नाही. अंड्यावाचून केक फुगवायचा आणि बिस्किट खुसखुशीत ठेवायचं, यावर या मंडळींनी हात बसवला. इंग्रजांच्या चहाबरोबरचं गोड बिस्किट त्यांच्या हाती आलं आणि त्यात हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर पडली. तेच खारा बिस्किट. पुढे या बेकऱ्या महाराष्ट्रात आल्या. आज पुण्या-मुंबईच्या उपनगरांत एक 'बंगलोर अय्यंगार बेकरी' नसलेली वस्ती शोधावी लागेल. त्यांच्या काचेच्या कपाटात खारा आपल्या खारीशेजारी आणि जिऱ्याच्या बटरांशेजारी मांडलेला असतो. मग माझ्यासारखीचा घोटाळा होणारच.

यंदा दिवाळीला फराळात हे बिस्किट घरी करायचं, असं त्या दिवशी ठरवलं. त्यातून पुढचे दोन महिने गेले.

*

घरी बिस्किट करणं ही आपल्याकडे तशी नवी गोष्ट आहे. घरचं बिस्किट खाणं मात्र जुनं आहे. मधे बेकरी असायची. माझ्या लहानपणी साताऱ्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी बिस्किटं 'पाडून' आणायची पद्धत होती. मैदा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप, दूध असं घरचं साहित्य डब्यात भरून बेकरीत न्यायचं. नंबर लागला की बेकरीवाला आपल्यासमोर पीठ मळायचा, यंत्रातून पट्ट्या पाडायचा आणि पत्र्यांवर मांडून भट्टीत ढकलायचा. आई घरून तूप नेत असे आणि तिथून हलत नसे. आपलं तूप दुसऱ्याच्या घाण्यात जाईल आणि दुसऱ्याचा डालडा आपल्या, ही तिची धास्ती. संध्याकाळी रॉकेलच्या जुन्या चौकोनी डब्याएवढा पत्र्याचा डबा भरून बिस्किटं यायची, अजून कोमट. गोडाच्या दोन-तीन पत्र्यांमागे एखादा पत्रा जिऱ्याच्या खाऱ्या बिस्किटांचा. तो आजोबांसाठी, असं म्हणायचं आणि सगळ्यांनी खायचं.

डालड्याचा उल्लेख आलाच आहे तर थोडं त्याच्याबद्दल. १९३७ साली हा डबा बाजारात आला आणि पुढची चार-पाच दशकं भारतातल्या बेकरीचा आधार झाला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि घट्ट राहायचा. वनस्पती तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात, आणि ती हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून भारतात अशा पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आईने तुपाचा डबा धरून भट्टीसमोर मांडलेलं ठाण उशिरा का होईना पण रास्त ठरलं.

भट्टीचं तापमान तेव्हा कुणी मोजत नसे. लाकडं पेटवून विटांचा घुमट तापवायचा, निखारे बाजूला सारायचे, पहिल्या कडक आचेवर पाव काढायचे. आच उतरली की नानकटाई आणि बिस्किटं. अगदी शेवटी, रात्रभराच्या उबेवर टोस्ट वाळत ठेवायचे. बिस्किटाला ही उतरती आच मानवते. सुरुवातीला रंग येण्यापुरती धग आणि मग ओल काढून घेणारी संथ ऊब. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवायला सांगितलं. मुंबईची हवा पाहता त्याला नाही म्हणवत नाही. अण्णांची भट्टी तर कधीच विजेची झाली आहे. "लाकडाच्या वेळी भट्टी आम्हाला सांभाळायची," ते म्हणाले, "आता आम्ही भट्टीला सांभाळतो. बटण बिघडलं की सगळं बंद."

आपल्या ओट्यावरचा छोटा ओव्हन या दोघांच्याही गावचा नाही. त्याला विटांची साठवण नाही. आतली सळई लाल होते, ठरलेल्या अंशाला विझते, पुन्हा लाल होते. दार उघडलं की आतली ऊब भसकन बाहेर. आकड्यावर १७० लावलं म्हणजे आत १७० असेलच असंही नाही. मी आत ठेवायचा साधा तापमापक आणला तेव्हा माझा ओव्हन पंधरा अंश थापा मारतो हे कळलं. मागची डावी बाजू तर चुलीसारखी तापते. ही ओळख झाल्यावर मी ट्रे अर्ध्या वेळात फिरवायला लागले.

*

पहिला घाणा बिघडला तो ओव्हनमुळे नव्हे. बिघडला तो माझ्या हौसेने. खारा करायचा तर हिरवागार करू, म्हणून अर्धी जुडी कोथिंबीर, मूठभर मेथी, कढीपत्ता, मिरच्या, सगळं ताजं बारीक चिरून पावशेर मैद्यात घातलं. वर दही. बिस्किटं दिसायला देखणी झाली आणि खायला भाजलेल्या थालीपिठासारखी. कडा करकरीत, मधे दमट. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर कडाही मऊ.

समोरच्या इमारतीत एक काकू राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर दिवाळीच्या ऑर्डरी घेतात: चकली, अनारसे आणि गेली काही वर्षं बिस्किटं. त्यांनी माझं एक बिस्किट मोडलं, कानाशी नेलं आणि परत ठेवलं.

"आवाज नाही," त्या म्हणाल्या. "मेथी किती घातलीस?"

"मूठभर."

"मूठभर मेथी म्हणजे अर्धी वाटी पाणी गं. कोथिंबिरीच्या वड्या करतेस का बिस्किटं?"

अर्धी वाटी ही काकूंची अतिशयोक्ती, पण मुद्दा खरा. शंभर ग्रॅम ताज्या मेथीच्या पानांत पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, कोथिंबिरीत त्याहून कमी नाही. पाण्याचा दुहेरी त्रास. मळताना ते मैद्यातल्या प्रथिनांना मिळतं आणि चिवट जाळं तयार होतं. पोळीला हवं ते हेच, पण बिस्किटाला ते नको. भाजताना मग ते बाहेर पडता पडत नाही. बाजारातलं कुरकुरीत बिस्किट पाच टक्क्यांहून कमी ओलीवर उभं असतं. पालेभाजी आणि बिस्किट यांचं असं जन्माचं वाकडं आहे, आणि पाल्याचं बिस्किट करणं म्हणजे त्यांचं जमवून देणं.

जमवायचे रस्ते दोन-तीन. पाला सावलीत वाळवायचा. कसुरी मेथी हा याचा तयार मासला: नाव पाकिस्तानातल्या कसूर गावाचं, पण आपल्या बाजारातली बहुतेक येते राजस्थानातल्या नागौर भागातून. वाळल्याने मेथीचा वास उलट गडद होतो. कोथिंबिरीचं तसं नाही, ती वाळली की गवत. दुसरा रस्ता, मीठ चोळून पिळून घ्यायचं. यात पाण्याबरोबर थोडी चवही जाते. तिसरा काकूंनी सांगितला, आणि तो ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण मी तो रोज दोनदा करते.

"फोडणी कर," काकू म्हणाल्या. "आणि तीच मोहन म्हणून घाल."

*

मोहन या शब्दासाठी मी इंग्रजीतली केकची पुस्तकं धुंडाळली आहेत. तिथे थंडगार लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळायला सांगतात, लोणी वितळू द्यायचं नाही म्हणून हात गार ठेवायला सांगतात. आपण शंकरपाळ्याला आणि करंजीला नेमकं उलटं करतो. तूप कडकडीत तापवून पिठावर ओततो, चर्र आवाज ऐकतो, चोळतो, आणि पिठाचा मुटका वळतोय का पाहतो. वाटा दोन, हेतू एक: पिठाच्या कणांना तुपाचं अस्तर लावायचं, म्हणजे पाणी आलं तरी चिवटपणाला जागा राहू नये. थंड लोण्याचे तुकडे राहिले तर पापुद्रे सुटतात. कढत तुपाने सगळीकडे सारखं अस्तर बसतं आणि पदार्थ रवाळ, खुसखुशीत होतो. पदर हवेच असतील तर आपल्याकडे साटा आहेच. चिरोट्याला तूप-तांदळाच्या पिठाचा साटा लावून घड्या घालणाऱ्या बाईला बेकरीतल्या खारीचं गुपित समजवायची गरज नाही.

म्हणजे ओव्हन सोडला तर या बिस्किटातलं बहुतेक सगळं आपल्या ओट्यावर आधीपासून होतं. खारी शंकरपाळी हे तळलेलं बिस्किटच. फुगू नये म्हणून काट्याने टोचायचं हेही आपण कडक पुऱ्यांना करतो.

इथे एक हिशेब सांगायला हवा, कारण तो चुकला की सगळं चुकतं. विकतच्या पिवळ्या बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश, सोळा टक्क्यांपर्यंत पाणी आणि वर मीठ असतं. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. तेव्हा कृतीत सव्वाशे ग्रॅम बटर असेल तर तूप शंभर ग्रॅमच घ्यायचं, नाहीतर बिस्किटं ट्रेवर पसरतात आणि हातात भुगा होतो. मीठ मात्र वेगळं वाढवायचं. घरच्या लोण्याचा या हिशेबात भरवसा नाही. त्यात ताक किती राहिलंय ते ज्याच्या त्याच्या हाताला माहीत. ते कढवून तूपच करावं.

काकूंच्या सांगण्यावरून केलेला घाणा असा. शंभर ग्रॅम तूप तापवलं. त्यात चमचाभर जिरं, ते तडतडल्यावर तीन हिरव्या मिरच्या अगदी बारीक चिरून, मग वीसेक कढीपत्त्याची पानं. आच मंद. पानं काचेसारखी कडक होईपर्यंत आणि मिरचीचा आवाज थांबेपर्यंत. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं. गॅस बंद करून त्यात दोन चमचे चुरडलेली कसुरी मेथी. आचेवर टाकली तर कडू होते. दोनशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम तांदळाचं पीठ एकत्र चाळून त्यात चमचाभर मीठ, दोन चमचे पिठीसाखर, अर्धा चमचा ओवा, पाऊण चमचा बेकिंग पावडर. त्यावर ही फोडणी, पानांसकट. चोळल्यावर मुटका वळला. मग थंड दूध चमच्या-चमच्याने, पीठ एकत्र येईपुरतं. मला चार लागले. मळायचं नाही, गोळा करायचा. वीस मिनिटं झाकून ठेवून पाव बोटाच्या जाडीचं लाटलं, सुरीने चौकोन कापले, काट्याने टोचले. १७० अंशांवर वीस मिनिटं, मग ओव्हन ११० वर आणून आणखी पंधरा. शेवटची पंधरा मिनिटं म्हणजे लाकडाच्या भट्टीतली ती उतरती ऊब, बटणाने आणलेली.

साखर का, असं विचाराल. चवीसाठी थोडी आणि रंगासाठी थोडी. आणि तांदळाच्या पिठात चिवट होणारं काही नसतं, म्हणून ते.

*

आता ओव्याबद्दल, कारण त्याच्यावर अन्याय चालला आहे. शहरातल्या हौशी बेकर मंडळींच्या घरी 'इटालियन हर्ब्स'ची बाटली असते आणि पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगानोच्या पुड्या ड्रॉवरभर. खाऱ्या बिस्किटात ते घालून वर चीज किसलं की बिस्किट आधुनिक झालं. खावं, माझी ना नाही. पण थाइमला त्याचा वास देणारं थायमॉल ओव्यात भरभरून आहे, आणि ओरेगानोचं कार्व्हाक्रॉल हे थायमॉलचंच जवळचं भावंड. बाळंतिणीच्या शेगडीवर टाकतो तो ओवा आणि नेपल्सच्या पिझ्झ्यावरचा पाला नाकाला एकाच आळीतले वाटतात ते यामुळे. कुंडीतलं जाड लवदार पानांचं जे 'ओव्याचं झाड' असतं, ज्याची आपण भजी करतो, ते मात्र ओव्याचं झाडच नव्हे. खरा ओवा जिरं-धने-शेपूच्या कुळातला, हा कुंडीतला तुळस-पुदिन्याच्या. कुळं वेगळी आणि वास एक. ती जाड पानंही बिस्किटात घालून पाहिली. मांसल पान, पाणीच पाणी. भजीच बरी.

पाल्याचा हिरवा रंग भाजल्यावर टिकत नाही, दही घातलं तर शेवाळी होतो. सोडा घातला तर हिरवा खुलतो, पण सोड्याने जीव जातो चवीचा. आणि इथे तिसरा खार येतो.

खारा म्हणजे कन्नड तिखट, खारी म्हणजे मराठी खारट. आणि खार म्हणजे पापडखार, क्षार. बिस्किट फुगतं ते या तिसऱ्याच्या जोरावर. साध्या खाण्याच्या सोड्याला आंबट सोबती लागतो, दही किंवा ताक. तो नसेल किंवा कमी पडला तर उरलेला सोडा बिस्किटाला साबणाची चव आणि डागाळलेला तपकिरी रंग देतो. त्यात हळद घातली असेल तर लाल ठिपके पडतात. माझ्या तिसऱ्या घाण्याला गोवर आला होता. बेकिंग पावडरमध्ये आंबट सोबती आधीच घातलेला असतो, म्हणून घरी तीच सोयीची. बेकऱ्यांत पूर्वापार वापरतात तो अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. साठेक अंशांना त्याचा पूर्ण वायू आणि वाफ होते, मागे काही उरत नाही. फक्त तो वायू बाहेर जाऊ शकेल इतकं बिस्किट पातळ आणि कोरडं हवं. केकात घातला तर वास आतच कोंडतो. अण्णांच्या भट्टीचं दार उघडलं की नाकात झोंबतं ते हेच. एवढ्याशा स्वयंपाकघरात तो प्रयोग करू नये असं माझं मत आहे. मी केला आहे.

*

गोडाधोडाच्या दिवसांत हे बिस्किट खपतं कसं, ते काकूंकडून ऐकलं. पहिल्या वर्षी त्यांनी आठ डबे केले ते शेजारपाजारी वाटण्यापुरते. आता वसुबारसेच्या आधी दहा दिवस त्यांचा ओव्हन सकाळी सहाला सुरू होतो. "चकली तळायला दोन बायका लागतात आणि पाठ मोडते," त्या म्हणाल्या. "बिस्किट भाजताना मी बसून पेपर वाचते." मागणी करणारे बहुतेक साठीच्या पुढचे. साखर नको, तळकट नको, पण चहाबरोबर तोंडात टाकायला काही हवं. मैदा आणि तूप यांना ते 'पथ्याचं' म्हणतात तेव्हा काकू गप्प बसतात. त्यांनी कणकेची करून पाहिली होती. कोंड्याने पाणी जास्त ओढलं, बिस्किटं जड झाली, ऑर्डर परत आली नाही पण दुसऱ्या वर्षी ते गिऱ्हाईकही आलं नाही. निम्मी कणीक चालते, असं त्यांचं आजचं मत.

डब्याचा त्यांचा नियम कडक आहे: बिस्किट हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय झाकण लावायचं नाही. कोमट बिस्किटाची वाफ डब्यातच फिरते. पाव शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट शिळं झालं की मऊ, हे कोडं लहानपणी पडायचं. पावात स्टार्चची घडी पुन्हा बसते म्हणून तो ताठतो. बिस्किट मुळातच कोरडं, ते हवेतली ओल पिऊन नरमतं. म्हणून पुण्यात ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तीन आठवडे टिकणारा डबा रत्नागिरीला बहिणीकडे पाठवला तर चार दिवसांत तिचा फोन. "नरम पडली गं." पुन्हा ११० अंशांवर दहा मिनिटं, असं सांगितलं. तिच्याकडे ओव्हन नाही. तिने तव्यावर जाळी ठेवून, वर झाकण घालून गरम केली, आणि परत करकरीत झाली म्हणते.

सातव्या घाण्यातली बारा बिस्किटं कागदी पिशवीत घालून मी अण्णांकडे नेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी एक उचललं, उलटं करून तळाचा रंग पाहिला, मोडलं. आवाज आला, मला तरी आला. मग चावून बराच वेळ काही बोलले नाहीत.

"घरचं तूप?"

"हो."

"ओवा आहे. कढीपत्ता तळून घातला." त्यांनी आणखी एक तुकडा तोंडात टाकला. "चांगलं आहे. पण ही खारी झाली मॅडम. खारा पाहिजे तर सहा मिरच्या."

पिशवीतली उरलेली त्यांनी काउंटरवर मांडली नाहीत. गल्ल्याच्या खालच्या खणात, चहाच्या ग्लासाशेजारी ठेवली.